गोळी कोणी घ्यायची: त्याने, तुम्ही, की दोघांनी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही २९ वर्षांच्या, अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघता. लग्न ठरतंय. मुलाने दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं की तो एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे आणि सहा वर्षांपासून सिव्हिलमधून गोळ्या नेतो. मुलगा तुम्हाला पसंत आहे. मैत्रीण म्हणते, ‘७२ तासांच्या आत गोळी घेतली की काही होत नाही.’ तुम्ही विचारताय, मग दर वेळी ती गोळी घ्यायची का? की लग्नाआधीपासून रोजच एक? आणि मूल होऊ द्यायचं का?

वीस वर्षांहून अधिक काळ मी सोलापुरात एचआयव्हीची डॉक्टर म्हणून हेच काम करते. हा प्रश्न पूर्वी लग्नानंतर यायचा, तोही बाईच्या हातात स्वतःचा रिपोर्ट आल्यावर. तो लग्नाआधी येतोय, यातच अर्धं काम झालंय.

आधी माझं उत्तर. तुम्हाला सगळ्यात जास्त सांभाळणारी गोळी तुमच्या पर्समधली नाही, त्याच्या खिशातली आहे. तो ती रोज घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमधल्या विषाणूच्या प्रतींचा आकडा, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) येत असेल, तर त्याच्याकडून तुम्हाला शरीरसंबंधातून लागण होणार नाही. ‘सहसा होत नाही’ असं मी म्हणत नाहीये. होणार नाही, असंच म्हणतेय. तुम्ही वेगळी गोळी घ्यायची की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्याच्या फाइलमध्ये आहे.

आता मैत्रिणीचं म्हणणं. ती चुकीचं बोलत नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करते. एचआयव्हीविरोधी औषधांनी लागण टाळण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. धोका होऊन गेल्यावर निगेटिव्ह माणसाने २८ दिवस औषध घ्यायचं, ते पेप. धोका यायच्या आधीपासून घ्यायचं, ते प्रेप. आणि पॉझिटिव्ह माणसाने कायम घ्यायचे, ते उपचार. औषधांचं घराणं एकच. टेनोफोविर तर तिन्हीकडे आहे.

ते काम कसं करतं, हे तुमच्याच कारखान्यातल्या भाषेत सांगते. विषाणू पांढऱ्या पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएची उलटी नक्कल करून डीएनए विणतो. टेनोफोविर हा त्या विणीत घुसणारा खोटा धागा. त्याला पुढचा धागा जोडताच येत नाही, म्हणून माग तिथेच थांबतो. डोलुटेग्राविर हे दुसरं औषध पुढच्या पायरीवर अडवतं. विणून झालेला तुकडा पेशीच्या मूळ डीएनएत शिवला जाऊ देत नाही. एकदा तो शिवला गेला की आयुष्यभर उसवता येत नाही. म्हणून ७२ तासांचा आकडा आला. माकडांवरच्या प्रयोगांत टेनोफोविर २४ तासांत सुरू करून २८ दिवस दिलं तेव्हा ती वाचली. सुरुवात ४८ किंवा ७२ तासांवर ढकलली, किंवा औषध ३ किंवा १० दिवसांतच थांबवलं, तेव्हा काहींना लागण झाली. म्हणजे ७२ तास ही शेवटची गाडी आहे. शनिवारी धोका झाला तर ‘सोमवारी ओपीडीत जाऊ’ म्हणायचं नसतं. सिव्हिलचा अपघात विभाग रात्री दोनलाही उघडा असतो.

पेप काय असतं ते मी अंगावर भोगलंय. १९९८ साली इंटर्न होते. एका बाळंतपणात टाके घालताना सुई बोटात गेली. बाई पॉझिटिव्ह. वरिष्ठ म्हणाले, ‘हात धुवा आणि गप्प बसा, गाजावाजा नको.’ कोणतं रुग्णालय ते सांगत नाही. झिडोवुडिनच्या कॅप्सूल घरच्यांनी मुंबईहून रात्रीच्या गाडीने मागवल्या. चार आठवडे जेवणाचा वास सहन झाला नाही, वजन सहा किलोने उतरलं. एका सुईमागे लागण होण्याचा धोका सरासरी ०.३ टक्के, म्हणजे सुमारे तीनशेत एक, हे मला पाठ होतं. पण आपल्याच बोटाला सुई लागली की तीनशेतला तो एक आपणच वाटतो. आज पेप म्हणजे दिवसाला एक गोळी: टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर एकत्र. पहिले काही दिवस मळमळ किंवा झोपेची थोडी तक्रार, बाकी बहुतेकांना काही नाही. आणि नर्सिंग होमवाल्यांनी माहीत करून घ्यावं: २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना पेप उपलब्ध करून देणं मालकाची जबाबदारी आहे. ‘मेडिकलवरून तीन गोळ्या आणा आणि घ्या’ हा पेप नव्हे. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं. बोट पिळायचं नाही, तोंडात धरायचं नाही, वर स्पिरिट ओतायचं नाही. लैंगिक अत्याचार झाला असेल तर खासगी रुग्णालयालाही तातडीने मोफत उपचार नाकारता येत नाहीत. ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे, आणि त्या उपचारांत पेपचा विचार त्याच तासात व्हायला हवा.

आता ‘दर वेळी पेप’ का नाही? एक कोर्स २८ दिवसांचा. नवरा-बायकोच्या संसारात दुसरा प्रसंग अठ्ठाविसाव्या दिवसाची वाट बघत नाही. ज्याला पुन्हा पुन्हा पेप लागतो त्याला खरं तर प्रेप लागतो, असं आम्ही म्हणतो. शिवाय त्याचा विषाणू दबलेला असेल तर कंडोम फाटला तरी तुम्हाला पेपची गरज नाही. त्याने महिनाभर गोळ्या सोडल्या होत्या असं नंतर कळलं, तर मात्र ताबडतोब निघायचं. त्याने लाजून दोन दिवस लपवू नये, एवढं आत्ताच ठरवून घ्या.

त्याच्या गोळीवर माझा एवढा विश्वास का? २०११ मध्ये एक मोठा अभ्यास पुढे आला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्यांत पुण्या-चेन्नईचीही जोडपी होती. पॉझिटिव्ह जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तेव्हा लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. त्यानंतर युरोपातल्या अभ्यासांत ज्यांचा व्हायरल लोड २०० प्रतींच्या खाली होता अशांच्या जोडीदारांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध येऊनही त्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. जी काही नवी लागण सापडली तिचा विषाणू तपासला, तर तो घरातला नव्हता, बाहेरचा होता.

हे ऐकून मला २००४ आठवतं. त्या वर्षी १ एप्रिलपासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू केली. तेव्हा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली घसरल्याशिवाय औषध देता येत नव्हतं. माणूस वाळत जायचा आणि आम्ही आकडा खाली यायची वाट बघायचो. त्या वाट बघण्याच्या काळातच घराघरांत बायकोला लागण व्हायची. २०१७ पासून निदान झालं की लगेच गोळी. त्यामुळे तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यापासून औषध मिळालं असणार. अर्थात औषध मिळणं वेगळं आणि घेणं वेगळं.

म्हणून रिपोर्ट बघा. सरकारी एचआयव्ही कार्यक्रमात औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग दर वर्षी व्हायरल लोड होतो. तेव्हा त्याच्याकडे निदान चार-पाच रिपोर्ट हवेत. त्यावरची तारीख वाचा. ‘नॉर्मल आहे म्हणाले डॉक्टर’ हा रिपोर्ट नव्हे. एक हजाराच्या आतल्या आकड्याला कार्यक्रमात दबलेला म्हणतात, आणि तेवढ्यावर धोका नगण्य असतो. तुमच्यासाठी मला ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ किंवा २०० च्या आतला आकडा, सलग दोन रिपोर्टवर आणि शेवटचा सहा महिन्यांच्या आतला, हवा आहे. शेवटचा त्याहून जुना असेल तर लग्नाआधी एक नवा करून घ्या. सीडी४ किती आहे याच्यावर जाऊ नका. लोक अजून तोच आकडा अभिमानाने सांगतात. सीडी४ त्याच्या प्रतिकारशक्तीबद्दल सांगतो, तुमच्या धोक्याबद्दल नाही.

गोळी चुकते ती बहुतेक वेळा साध्या कारणाने. माझ्याकडे एक ट्रकवाले होते, पुणे-हैदराबाद लाइनवर. आठ वर्षं उत्तम, आणि एकदम लोड वर. चौकशी केली तर म्हणाले, ‘मॅडम, गोळी एक बी चुकली नाही ओ.’ खरंच चुकली नव्हती. पित्त वाढलं म्हणून ते रोज रात्री अँटासिड घेत होते, गोळीबरोबरच. डोलुटेग्राविर अँटासिडमधल्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमला, तसंच लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना चिकटतं आणि पोटातून रक्तात नीट जात नाही. गोळी आधी दोन तास किंवा नंतर सहा तास, असं अंतर ठेवलं आणि तीन महिन्यांत लोड पुन्हा दबला. बाटली केबिनच्या कप्प्यात ठेवायचं त्यांनी मी म्हणण्याआधीच सोडलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात कप्प्यात भाकरी भाजेल. टीबीचं औषध सुरू झालं तर आणखी एक गोष्ट: रिफाम्पिसिनबरोबर डोलुटेग्राविरचा डोस वाढवावा लागतो. हे त्याच्या एआरटी सेंटरला कळवायचंच.

एवढं सगळं ठीक असेल, तर तुम्ही प्रेप घ्यायचं का? माझ्या मते वैद्यकीय गरज नाही. पण पुढच्या परिस्थितींत मी स्वतःहून देते: त्याचं औषध सुरू होऊन सहा महिने झाले नसतील, लोड दबलेला नसेल, तो गोळ्या नियमित घेत नाही अशी शंका असेल, किंवा सगळं कळूनही तुमचं मन थाऱ्यावर येत नसेल. शेवटचं कारण हलकं समजू नका. पहिल्या वर्षी भीतीने जवळच न गेलेली जोडपी मी पाहिली आहेत. अशा बाईला सहा महिने प्रेप दिलं, तिचा आणि त्याचा रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवला, आणि मग तिने स्वतःच थांबवलं.

प्रेप म्हणजे टेनोफोविर ३०० आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, एका गोळीत. अमेरिकेने जुलै २०१२ मध्ये या वापराला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोठा धोका असलेल्या सगळ्यांसाठी शिफारस केली. तुमच्यासारख्याच जोडप्यांवर केनिया आणि युगांडात अभ्यास झाला: ४,७४७ जोडपी, लागण ७५ टक्क्यांनी कमी. ज्यांच्या रक्तात औषध खरंच सापडलं, म्हणजे ज्यांनी गोळी खरंच गिळली होती, त्यांच्यात सुमारे ९० टक्के. त्याच सुमारास आफ्रिकेतल्या तरुण मुलींवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात प्रेप साफ अपयशी ठरलं. मग रक्त तपासलं, तर तीसपैकी एकवीस-बावीस जणींच्या रक्तात औषधच नव्हतं. डबा घरात दिसला तर लोक काय म्हणतील, या भीतीने अनेक जणी गोळ्या घेतच नव्हत्या.

ती भीती मला अनोळखी नाही. आपल्याकडे सासू उशीखालची बाटली शोधून काढते, गल्लीतल्या मेडिकलवाल्याला दाखवते, आणि संध्याकाळपर्यंत निगेटिव्ह सून पॉझिटिव्ह ठरते. साखरपेठेतल्या एका सुनेने गोळ्या शेंगाचटणीच्या डब्यात प्लॅस्टिकच्या पुडीत लपवल्या होत्या. तेल लागून गोळ्या फुगल्या. म्हणून ‘रोज घ्या’ म्हणण्याआधी मी विचारते, ‘ठेवाल कुठे?’ याचं उत्तर आलं नाही तर चिठ्ठी लिहीत नाही. कामावरच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दुपारी जेवणानंतर घेणं अनेकींना जमतं. प्रेपला जेवणाचं बंधन नाही.

बाईच्या बाबतीत गोळी रोजचीच. योनीमार्गातल्या पेशींत पुरेसं औषध साचायला साधारण २१ दिवस लागतात असं धरून आम्ही चालतो, आणि एखाद-दोन चुकल्या तरी आठवड्यात सहाच्या खाली जायला नको. संबंधाआधी दोन, मग एक-एक, अशी एक पद्धत तुम्हाला वाचायला मिळेल. ती फ्रान्स-कॅनडातल्या पुरुषांवर तपासलेली, पुरुषांसाठीची आहे. तुमच्यासाठी नाही.

सुरू करण्याआधी तुमच्या तपासण्या: एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), हिपॅटायटिस बी, सिफिलिस. पहिली सगळ्यात महत्त्वाची. अंगात नवी लागण असताना दोनच औषधांची ही गोळी सुरू झाली तर विषाणू औषधाला दाद न देणारा होऊन बसतो. गेल्या महिन्याभरात ताप, घसा, अंगावर पुरळ असं एकत्र काही झालं असेल तर सांगा. नंतर एक महिन्याने आणि मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही, सहा महिन्यांनी क्रिएटिनिन. हिपॅटायटिस बी असेल तर गोळी मनाने बंद करायची नाही, यकृत भडकतं. आणि अंगदुखीसाठी मेडिकलवरून डायक्लोफेनॅक उचलायची सवय सोडा. दोन्ही औषधांचा भार मूत्रपिंडावरच, त्यात सोलापूरचा उन्हाळा आणि पाणी कमी.

इंजेक्शनबद्दल कोणी तरी सांगेलच, म्हणून: लेनाकापाविर नावाचं औषध पोटाच्या कातडीखाली सहा महिन्यांतून एकदा टोचतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात ते घेतलेल्या २,१३४ मुली-बायकांत एकीलाही लागण झाली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेची मान्यता आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आली. स्वस्त प्रती बनवायचा परवाना मिळालेल्यांत भारतीय कंपन्या आहेत. उशीखालच्या बाटलीचा प्रश्न त्याने सुटेल, म्हणून मला त्याची उत्सुकता आहे. तुमचं लग्न मात्र त्यासाठी थांबवू नका.

मूल. होऊ द्या. त्याचा लोड दबलेला असेल तर नेहमीसारखंच, नैसर्गिकपणे. वीर्य धुऊन घेण्याच्या महागड्या उपायांची गरज उरलेली नाही. मनाची शांती हवी असेल तर दिवस राहायच्या प्रयत्नाच्या महिन्यांत तुम्ही प्रेप घेऊ शकता. टेनोफोविर गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालतं. आई निगेटिव्ह तर बाळाला एचआयव्हीचा प्रश्नच येत नाही, बापाकडून थेट बाळाला लागण होत नाही. फक्त गरोदरपणात आणि पाजत असताना तुमच्या तपासण्या चुकवू नका. त्या काळात आईला नवी लागण झाली तर बाळाला धोका सगळ्यात मोठा असतो. कंडोम मुलाच्या प्रयत्नांशिवायच्या काळात वापरायचा की नाही, हे तुम्ही दोघं ठरवा. एचआयव्हीसाठी लोड पुरेसा आहे. सिफिलिस, गनोरिया यांना मात्र या गोळ्यांपैकी एकही अडवत नाही.

पेप सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. प्रेपसाठी बहुतेकांना अजून खिशातूनच खर्च करावा लागतो, पण जेनेरिक घेतलं तर परवडतं. ब्रँड बदलला तरी बिघडत नाही, घटक आणि मिलिग्रॅम तेच हवेत.

आता पुढच्या आठवड्यात करायचं ते. त्याच्या पुढच्या तारखेला तुम्ही बरोबर जा. त्याचं एआरटी सेंटरचं हिरवं पुस्तक, व्हायरल लोडचे सगळे रिपोर्ट, आणि तुमचा स्वतःचा एचआयव्हीचा रिपोर्ट घेऊन. तुमचा रिपोर्ट नसेल तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, मोफत होतो. काउन्सिलरबरोबर दोघांनी बसा, मग तुम्ही एकट्या पाच मिनिटं बसा. त्या पाच मिनिटांत विचारायचे प्रश्न आत्ताच कागदावर लिहून ठेवा, आयत्या वेळी सुचत नाहीत. गर्दी असेल आणि घाई वाटली तर १०९७ हा हेल्पलाइन नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आईला सांगायचं का, हे तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायला २०१७ च्या त्याच एचआयव्ही कायद्याने मनाई आहे, आणि त्यातून आईही सुटत नाही. आधी त्याला विचारा. तो ‘हो’ म्हणाला तर आईलाही त्या तारखेला घेऊन जा. म्हणजे हे सगळं तुम्हाला घरी समजावत बसावं लागणार नाही, ते काम आमचं.